लुगड्याच्या जागी मांजरपाट

त्या गाडीला पिकअप का नाही, हे अख्ख्या अंधेरीत फक्त मला माहीत होतं. गॅरेज नवऱ्याचं, हात मिस्त्रीचा, गाडी पार्ल्याच्या डॉक्टरांची आणि खोट माझी. सांगायची वेळ होती तेव्हा मी सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा त्याचा कुणाला उपयोग उरला नव्हता.

आमचं गॅरेज अंधेरी पूर्वेला, कुर्ला रोडवरून आत वळलं की. वर पत्रे, मध्ये एक खड्डा आणि ऑइल पिऊन काळी झालेली जमीन. मागे आमच्या दोन खोल्या. स्वयंपाकघराचं दार शेडमध्येच उघडायचं, आणि त्या दारापाशी माझं शिलाई मशीन. टॅक्सीच्या सीटची कव्हरं मी शिवायची. रेक्झिन शिवून शिवून माझी बोटं पुरुषासारखी झाली होती.

मिस्त्री आमच्याच गावाकडचा, मालवणच्या बाजूचा. परळच्या एका गिरणीत वर्कशॉपमध्ये फिटर होता. संप झाला, संप लांबला, आणि गिरणी काही त्याच्यासाठी परत उघडली नाही. नवऱ्याने त्याला गॅरेजात घेतला तो उपकार केल्यासारखा. म्हणाला, "गिरणीतला माणूस, गाडीतलं काय कळणार त्याला? नटबोल्ट तरी पिळेल."

पण मिस्त्रीला कान होता. इंजिन चालू करायला सांगायचा, एका लाकडी दांडक्याचं टोक इंजिनावर टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग सांगायचा, तिसरा टॅपेट सैल आहे. उघडून बघितलं की तिसराच निघायचा. तरी आमच्याकडे कामं टॅक्सीची, आणि टॅक्सीला असला कान लागत नाही. नवरा त्याला ठेवू की नको असं वर्षभर करत होता. तेवढ्यात डॉक्टरांची गाडी आली.

गाडी अमेरिकेची, दोनच दारांची. बॉनेट एवढं लांब की त्यावर शेरभर पापड वाळत घातले असते. आत आठ सिलिंडर, चार एका बाजूला, चार दुसऱ्या. परदेशी वकिलातीतला कुणी साहेब जाताना विकून गेला होता, ती दोन हात फिरून डॉक्टरांकडे आली. नवी होती तेव्हा म्हणे रस्ता फाडत जायची. आमच्याकडे आली ती ढकलत आली.

डॉक्टर माणूस सरळ होता. म्हणाला, "दिवाळीला मला पुण्याला जायचंय, खंडाळ्याचा घाट चढून. चढली तर ठेवतो. नाही चढली तर हे इंजिन काढून टेम्पोचं डिझेल इंजिन टाकून घेतो. घाटकोपरला एक जण करतो. सगळे तेच करतायत हल्ली."

डॉक्टर गेल्यावर मिस्त्री मला म्हणाला, "आयकलंस वयनी? वाघाच्या पोटात बोकडाचा काळीज घालतले."

नवऱ्याने त्याला तिथेच स्पष्ट सांगितलं, "ही गाडी पळव. डॉक्टर पार्ल्यात दहा लोकांना सांगेल, तुझ्यासाठी तसली कामं येतील. नाहीतर टॅक्सीला मला तू नकोस रे, कुठलाही पोरगा चालतो." म्हणजे गाडीचं इंजिन राहिलं तर मिस्त्री राहणार, नाहीतर दोघंही जाणार. हे मी मशीनवर बसून माझ्या कानांनी ऐकलं होतं. नंतर मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

मिस्त्रीने तीन आठवडे खाली मान घालून काम केलं. व्हॉल्व्ह घासले, रिंगा बदलल्या, पॉइंट नवे घातले. सगळं जमलं, एक सोडून. कार्बोरेटरच्या डोक्यावर परातीएवढा गोल डबा असतो. इंजिन त्यातून हवा ओढतं आणि धूळ आत जाऊ नये म्हणून डब्यात कागदाचा फिल्टर असतो. तो फाटला होता, आणि त्या मापाचा सबंध मुंबईत मिळेना. मिस्त्रीने तारेच्या जाळीचं कडं बनवलं. त्यावर कापडाचा अभ्रा चढवायचा, अभ्र्याला तेल चोळायचं, की झाला फिल्टर. गिरणीत असंच करत, म्हणाला.

पण कापड कुठलं? बाजारातली नवी मलमल आणली, तिचे धागे सुटत होते. धागा कार्बोरेटरात गेला की संपलं. जुनं सुती हवं, पुष्कळ धुतलेलं. आणि त्या वर्षांत घराघरात टेरिकॉट शिरलेलं. जुनी सुती चिंधी मागायला जावं तर लोक हसत.

एका सकाळी मिस्त्री पिशवी घेऊन आला. पिशवीत लुगडं होतं. कधीकाळी हिरवं असेल, धुऊन धुऊन पांढरं पडलेलं. काठ तेवढा तांबडा होता.

"आयेचा," तो म्हणाला. त्याची आई संपाच्या वर्षी गेली होती, ऐंशी ओलांडून. "एवढाच ठेवलेला. बघ, डोळ्याक लाव. हेच्यातसून दिवो दिसता."

"आईचं लुगडं गाडीत घालताय भावोजी?"

"मगे काय ट्रंकेत ठेवन पूजू? दोन पदर कर, शिवण भायर घे. तेलात बुडवन, पिळून दी माका."

मी लुगडं हातात घेतलं. लोण्यासारखं होतं.

आता माझ्या घरात काय होतं ते सांगते. लेक बाळंतपणाला आली होती, दिवस भरलेले. तिचं पहिलं मूल जगलं नव्हतं. आमच्याकडे जन्मल्या मुलाला नवं कापड लावत नाहीत, जुनं लावतात, आणि भरपूर वय होऊन गेलेल्या बाईचं मिळालं तर सोन्याहून चांगलं. तिचं वय बाळाला लागतं म्हणतात. मी चाळीत, आजूबाजूला, सगळीकडे विचारून थकले होते. आणि इथे ऐंशी वर्षांच्या बाईचं नऊवारी माझ्या मांडीवर, ते तेलात बुडवून मोटारीत घालायचं.

मागितलं असतं तर मिस्त्रीने दिलं असतं. अर्धं मला, अर्धं गाडीला, नऊ वारांत दोन्ही झालं असतं. हे मला आज दिसतं. त्या दिवशी एवढंच दिसलं की हे लुगडं यंत्राचं नाही, बाळाचं आहे. सगळंच्या सगळं. मी त्याची लंगोटी, दुपटी, झबली बेतली. काठ फाडून कुंचीला बंद केले.

फिल्टरला माझ्याकडचा मांजरपाट घेतला. नवा, जाडाभरडा, गिरणीची खळ तशीच असलेला. हातात धरला की पुठ्ठ्यासारखा वाजायचा. धुऊन खळ काढायला हवी हे लहान पोरीलाही कळतं. पण त्या दिवशी नळ आला नव्हता, आणि मनात म्हटलं, यंत्राला काय कळतंय नवं आणि जुनं. दोन पदर करून अभ्रा शिवला. मिस्त्रीने बघितलं तर ओळखेल, म्हणून आधीच वापरलेल्या काळ्या ऑइलमध्ये बुडवला आणि पिळून बाजूला ठेवला. नळ नव्हता ही खरी गोष्ट आहे. पण काळं ऑइल मी मुद्दाम घेतलं, हीसुद्धा खरी गोष्ट आहे.

अभ्रा पुरा झाला त्याच दिवशी लेकीला कळा लागल्या. मी तिच्यापाशी. अभ्रा मशीनखाली पडून राहिला. मिस्त्रीला गाडी पळवून बघायची घाई, आणि नुकताच पाऊस पडून रस्ते ओले होते, धूळ नव्हती. तो फिल्टरशिवायच गाडी घेऊन मरोळवरून आरे कॉलनीच्या चढावर गेला. नवरा बाजूला बसला होता. परत आले तेव्हा नवरा लहान मुलासारखा बोलत होता.

"अगं, चढ कुठे संपला कळलं नाही! पाठ सीटला चिकटली माझी!"

मिस्त्री बॉनेटवरचे चिखलाचे शिंतोडे हाताने पुसत होता. संध्याकाळी लेक मोकळी झाली. मुलगी. जिवंत, रडणारी. मी तिला त्या लुगड्यात गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने अभ्रा मागून घेतला, कड्यावर चढवला, डबा बंद केला, आणि डॉक्टर गाडी घेऊन गेले. दोन दिवसांनी परत. "अहो, हिला दमच नाही," डॉक्टर म्हणाले. "पार्ल्याच्या पुलावर मागच्या रिक्षाने ओव्हरटेक केलं मला."

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. डबा काढून बाजूला ठेवला, कारण तो काढल्याशिवाय कार्बोरेटरला हात जात नाही. इंजिन सुरू केलं. इंजिन गरजलं, पत्रे थरथरले. तो हसला. "काय नाय, बरा आसा." डबा बसवला, आरेला घेऊन गेला. अर्ध्या चढावर गाडी धापा टाकायला लागली, मागे काळा धूर.

असं पुढे रोज. शेडमध्ये डबा काढलेला असायचा तेव्हा गाडी वाघ, आणि डबा लावून चढावर नेली की शेळी. रस्त्यावर फिल्टरशिवाय तो नेईना, आता ऊन पडलं होतं, आरेची धूळ आत गेली तर नव्या रिंगा खलास झाल्या असत्या. त्याने कार्बोरेटर सात वेळा उघडला. पेट्रोल सोडणारे जेट बदलले, पेट्रोलचा पंप उघडला, टायमिंग मागे घेतलं, पुढे घेतलं. सायलेन्सर तुंबला असेल म्हणून तोही काढून ठोकला.

टॅक्सीवाले येता-जाता टोमणे मारत. "काय मिस्त्री, हत्तीला सर्दी झाली काय?" दुसरा म्हणायचा, "गिरणीचा भोंगा वाजव, उठेल ती."

"तुझ्या डबड्याक आधी हॉर्न बसव, मगे बोल," मिस्त्री म्हणायचा. पहिले काही दिवस म्हणायचा. नंतर उत्तर देणं बंद केलं.

एक दुपार मला नीट आठवते. त्याने आठही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होते. मी चहा घेऊन गेले. प्लग काळेकुट्ट, बोट लावलं तर काजळी यायची.

"पेट्रोल जास्त जाता की काय," तो स्वतःशीच बोलत होता. "पण जेट तर बारीक केलंय."

नवरा मागून म्हणाला, "फिल्टर तर नाही ना रे भरला?"

मिस्त्रीने मान वर केली. "फिल्टर? शेठ, ता माझ्या आयेचा लुगडा आसा. वयनीने शिवलाला. तेच्यातसून हवाच काय, देव पण जायत."

आणि माझ्याकडे बघून हसला. मी कप खाली ठेवला आणि आत आले.

तोपर्यंत मला खरंच कळलं नव्हतं. कळलं त्याच संध्याकाळी. नातीसाठी काजळ धरायला बसले होते. तुपाचा दिवा लावला, वर तांब्याचं ताम्हन उपडं धरलं. काजळ हवं तर ताम्हन ज्योतीवर अगदी खाली आणावं लागतं. ज्योतीला हवा कोंडली की ती लाल होते, धूर ओकते, आणि काजळी धरते. वर उचललं की ज्योत पांढरी, काजळ नाही. जन्मभर हे करत आले. ताम्हनाखाली बघितलं, आणि वर्तमानपत्रावरचे आठ प्लग दिसले.

उठले, उरलेला मांजरपाट काढला. दोन पदर केले, तोंडाला लावले आणि फुंकले. गाल फुगले, कानात दडे बसले, पलीकडे धरलेल्या तळव्याला काही लागेना. मग दोरीवरचं एक दुपटं काढून तसंच फुंकलं. तळव्याला गार वारा लागला.

पेट्रोल जास्त जात नव्हतं, हवा कमी जात होती. गाडी उभी असताना थोडी हवा पुरते. चढावर तिला छाती भरून श्वास लागतो, तेव्हा मी तिच्या तोंडावर उशी धरून बसले होते. त्यात खळ, वर जाड काळं ऑइल, त्यावर रस्त्याची धूळ. उद्या आणखी कमी जाणार.

उठून शेडमध्ये जायला दहा पावलं होती. मिस्त्री अजून तिथेच होता, दांडका कानाला लावून उभा. मी गेले नाही. काय सांगणार होते? तुमच्या आईच्या लुगड्यात माझी नात मुतते आहे आणि तुम्हाला मी फडकं दिलं? मनात म्हटलं, बोलायची गरजच काय. दुसरा अभ्रा शिवते, दुपारी सगळे जेवायला बसतील तेव्हा गुपचूप बदलते. गाडी पळेल, कुणाला काही कळणार नाही, मिस्त्री समजेल त्याच्या हाताने झालं.

एक दुपटं अजून कोरं होतं. पण लेकीला ताप आला, त्यात दोन दिवस गेले. मग नातीचं पोट. मग सासरची माणसं बघायला आली. ही सगळी खरी कारणं आहेत, आणि अभ्रा शिवायला तासभर लागतो.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी शिवला. पदराखाली धरून दारात आले तर शेडमध्ये डॉक्टर उभे होते. त्यांच्याबरोबर एक अनोळखी माणूस, तो घाटकोपरचा. तो बॉनेटमध्ये वाकून टेपने माप घेत होता. मिस्त्री खड्ड्याच्या कडेला उभा होता, हातात फडकं घेऊन.

"अजून चार दिवस द्या डॉक्टर," मिस्त्री म्हणाला. "इंजिन चांगला आसा. माझो कान सांगता, आतून चांगला आसा."

"अहो, कान काय करायचाय मला? दिवाळी आठ दिवसांवर आली."

डॉक्टरांनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने मिस्त्रीकडे बघितलं नाही. म्हणाला, "मी खोटं बोलणार नाही डॉक्टरसाहेब. माणूस चांगला आहे, पण हात गेला त्याचा. गिरणीत होता तो होता."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. अभ्रा माझ्या मुठीत. पाच मिनिटं, डॉक्टरसाहेब, एवढा डबा उघडून बघा, एवढंच म्हणायचं होतं. मिस्त्रीने मला बघितलं. त्याला वाटलं असेल, वयनीला वाईट वाटतंय. तो म्हणाला, "वयनी, तू आत जा गो." आणि मी आत गेले. त्याने सांगितलं म्हणून नाही. त्याने सांगितलं हे निमित्त मिळालं म्हणून.

घाटकोपरचा माणूस गाडी चालवत घेऊन गेला. वळणापर्यंत खोकताना ऐकू येत होती.

मिस्त्री त्या दिवसापासून आला नाही. दहा-बारा दिवसांनी, दिवाळी झाल्यावर, आपल्या हत्यारांची पेटी न्यायला आला. लेकीचा सव्वा महिना नुकताच झाला होता. तोवर ती आणि बाळ आतल्या खोलीत, आणि लंगोट मी मागच्या बाजूला वाळत घालायची, जिकडे पुरुष जात नाहीत. त्या सकाळी पहिल्यांदाच नातीला दारात उन्हात घेऊन बसले होते. मिस्त्री येईल हे माझ्या ध्यानात नव्हतं.

तो पेटी उचलून माझ्यापुढे थांबला. "नात काय गो? बघू."

पेटी खाली ठेवून उकिडवा बसला. पोरीच्या डोक्यावर कुंची, हनुवटीखाली बंद बांधलेला, तांबडा. त्याने पोरीच्या गालाला बोट लावायला हात पुढे केला आणि बोट बंदापाशी थांबलं. बंद त्याने दोन बोटांत धरला. मग दुपट्याची कड धरली आणि अंगठ्याने चोळून बघितली. बराच वेळ. माझ्याकडे बघितलं नाही.

"मऊ आसा," म्हणाला. पेटी उचलली आणि गेला.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवत होता. भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"आत्ता सांगतेस?"

"डॉक्टरांना सांगा. इंजिन चांगलं आहे म्हणावं. मिस्त्रीचा दोष नाही."

"इंजिन एव्हाना बाहेर काढून टाकलं त्या घाटकोपरवाल्याने. आता सांगितलं तर डॉक्टर माझ्या दारात येतील, चांगलं इंजिन तुमच्या बायकोने घालवलं म्हणतील. गॅरेजचं नाव जाईल." तुकडा कालवणात बुडवला. "मिस्त्रीचं नाव काय, गेलंच आहे. गेलेलं नाव आणखी जात नाही. गप्प बस."

मी गप्प बसले. नवऱ्यावर ढकलायला सोपं आहे, तो आता हयात नाही. पण पार्ल्याला जायची रिक्षा मलाही मिळाली असती.

गाडी एकदा दिसली. घाटकोपरला एका लग्नाला गेले होते, तिथे नवरदेवाला घेऊन आली. फुलांनी मढवलेली आणि आतून टेम्पोसारखी खडखडत. डॉक्टरांनी विकली असावी. बायका म्हणाल्या, केवढी झकास गाडी! मी जेवायला थांबले नाही.

नात बालवाडीत जायला लागली त्या वर्षी गावच्या एका माणसाकडून कळलं, मिस्त्री कांदिवलीला एका बिल्डिंगवर वॉचमन आहे. त्यानंतर कुठल्याच गॅरेजात राहिला नाही म्हणे. जो तो विचारायचा, अंधेरीचं का सोडलं, आणि आमच्याकडे विचारलं की उत्तर यायचं, हात गेला त्याचा.

मी नवऱ्याला न सांगता कांदिवलीला गेले. मिस्त्री फाटकाशी स्टुलावर बसला होता, खाकी शर्टात. मला बघून उठला. "ये वयनी," म्हणाला, आणि स्टूल मला दिलं. मी बसले नाही.

"भावोजी, कापड मी बदललं होतं. मांजरपाट घातला. खळीसकट."

"माका म्हायत आसा."

"बंद बघितलात तेव्हा."

"तेवाच. घराक जाईसर सगळा ध्यानात इला. काळे प्लग, धूर. फुडे रातभर हसलंय. सात वेळा कार्बोरेटर उघडलो, आणि डबो हातान बाजूक ठेवत होतंय."

"मग बोलला का नाहीत? येऊन शिव्या द्यायच्या मला."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "मी कित्याक बोलू? बोलाचा काम तुझा होता. आणि आता माका सांगान काय? माका म्हायतच आसा. म्हायत नाय तेका सांग."

"कुणाला?"

"डॉक्टराक."

दुसऱ्या दिवशी पार्ल्याला गेले. डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर नंबर लावून बसले. माझ्या आधी एक खोकला आणि एक गालगुंड. आत गेले तर डॉक्टरांनी बघायच्या आधीच नाडीसाठी हात पुढे केला.

"आजार नाही," मी म्हटलं, आणि गाडीचं सगळं सांगितलं. लुगडं, मांजरपाट, अभ्रा मुठीत धरून उभी होते तेही.

डॉक्टर पेन बंद करून ऐकत होते. ओळखायलाच त्यांना वेळ लागला. "ती मोठी अमेरिकन? हो हो. अहो, ती मी केव्हाच विकली. तो तुमचा मिस्त्री, पीत होता ना तो?"

"नाही. कधीच नाही."

"असं होय. मला वाटलं पीत असेल." त्यांनी टेबलावरची काच बोटाने पुसली. "म्हणजे ते इंजिन ठीक होतं?"

"ठीक होतं. तो सांगत होता तुम्हाला."

"हं. सांगत होता खरा." मग म्हणाले, "भंगारवाल्याला गेलं ते, किलोवर. घाटकोपरच्या माणसाच्या अंगणात वर्षभर पावसात पडलं होतं. माझ्याकडून सांगा त्याला..." बाहेर पेशंट खोकत होते. मी उठले.

तशीच कांदिवलीला गेले. मिस्त्री फाटकाशी.

"सांगितलं," म्हटलं.

"डॉक्टर काय म्हणालो?"

"म्हणाला, सांगत होता खरा."

मिस्त्रीने मान हलवली. एवढंच त्याला मिळालं, चार वर्षांनी, आणि तेसुद्धा माझ्या तोंडून. मग त्याने विचारलं, "आणि इंजिन खय आसा?"

मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. त्याला खरं वाटलं असतं. माझी तर जीभ तशी वळलीही होती.

"भंगारात गेलं. वजनावर."

"सगळा? आठय सिलिंडर?"

"आठही."

तो स्टुलावर बसला. हात गुडघ्यांवर ठेवले, तळवे वर. त्या हातांना ग्रीस नव्हतं, नखं स्वच्छ होती. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. दोनदा वाजवला, तिसऱ्यांदा वाजवला. मिस्त्री उठेना, तेव्हा मीच जाऊन फाटक उघडलं.